निघण्यापूर्वी विचारा

परदेशी सहल ही आता फक्त मुंबई-पुण्याच्या लोकांची गोष्ट राहिलेली नाही. आपल्या शहरातूनही दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत कुटुंबंच्या कुटुंबं दुबईला, थायलंडला, सिंगापूरला जातात. लुंबिनीला आणि श्रीलंकेला धम्मयात्रा निघतात, उमऱ्याला जाणारे असतात, आणि शहराजवळच्या वाळूजच्या कारखान्यांत घडलेली मुलं जर्मनीत किंवा ऑस्ट्रेलियात स्थिरावली की त्यांचे आईवडील त्यांच्याकडे जातात. या सगळ्यांची चौकशी मोठी बारीक असते. थंडी किती असेल, शाकाहारी जेवण मिळेल का, आपल्या रुपयाला तिकडे काय भाव आहे, हे सगळं विचारून होतं. तिथे काय चालत नाही, हा एक प्रश्न मात्र राहून जातो. आज मला जे सांगायचं आहे ते या एका प्रश्नाबद्दल आहे, आणि मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे: निघण्यापूर्वी विचारा. उतरल्यावर नव्हे, अडकल्यावर तर नव्हेच.

२०१९ च्या ऑक्टोबरात भूतानमध्ये घडलेली घटना आठवून पाहा. मोटारसायकलींवरून गेलेला एक गट दोचुला खिंडीत थांबला. त्यातला महाराष्ट्रातला एक तरुण तिथल्या चोर्तेनवर, म्हणजे स्तूपावर, चढून उभा राहिला आणि तसा त्याचा फोटो निघाला. तो फोटो भूतानभर फिरला, पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं आणि त्याला माफी मागावी लागली. आता हे चोर्तेन कसले आहेत ते पाहा. एकशे आठ आहेत ते. आसाममधल्या बंडखोर संघटनांनी भूतानच्या दक्षिणेकडच्या जंगलांत तळ ठोकले होते आणि तिथून त्या भारतावर हल्ले करत होत्या. २००३ च्या डिसेंबरात भूतानच्या लष्कराने ते तळ उठवले. त्या लढाईत जे भूतानी जवान कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या राजमातेने हे चोर्तेन उभारले. म्हणजे भारताविरुद्ध शस्त्र उचललेल्यांशी लढताना शेजारच्या देशाने आपली माणसं गमावली, आणि त्यांच्या स्मारकावर एका भारतीयाचा पाय पडला. त्या तरुणाच्या मनात अपमान करण्याचा हेतू होता असं मला मुळीच वाटत नाही. त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच. पण ठाऊक नसणं हीच तर माझी तक्रार आहे. भूतानला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, रस्त्याने जाता येतं, आपली नोट तिथे चालते. त्यामुळे तो देश परका वाटतच नाही. जवळच्या देशात आपण जास्त बेफिकीर होतो.

परगावच्या पंगतीत आपण कसे वागतो ते बघा. पान वाढलं म्हणून कोणी लगेच घास उचलत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडे बघतो. तो हात जोडतो तेव्हा आपण जोडतो, तो पानाभोवती पाणी फिरवतो तेव्हा आपण निदान थांबतो. आपल्या गावात भात आधी आणि इथे पोळी आधी, म्हणून वाढप्याशी कोणी वाद घालत नाही. आपलं जेवण झालं तरी ओळ उठेपर्यंत बसून राहतो. हे कुठे लिहिलेलं नसतं आणि त्यात कोणाला कमीपणाही वाटत नाही. चालीरीतींचं सगळं असंच आहे, त्या बघून कळतात. दोचुलाला थांबणारे भूतानी लोक चोर्तेन उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालताना दिसतात. दोन मिनिटं उभं राहून पाहिलं असतं तर कोणाला काही विचारावंही लागलं नसतं.

आणि हे आपल्याला जमत नाही असं तर अजिबात नाही. वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा उतरवावा लागतो. तिथून पाच-सहा किलोमीटरवर खुलताबादला दर्ग्यात शिरताना डोक्यावर रुमाल घ्यावा लागतो. एका ठिकाणी अंग उघडं करायचं, दुसऱ्या ठिकाणी डोकं झाकायचं, आणि दोन्ही एकाच दुपारी! आपल्या जिल्ह्यातला माणूस ‘असं का’ म्हणून न विचारता हे दोन्ही करतो. ज्याला हे अंगवळणी पडलेलं आहे त्याला बँकॉकच्या देवळात गुडघे झाकणारे कपडे घालणं किंवा श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी न काढणं जड का जावं? श्रीलंकेत असा सेल्फी हा मूर्तीचा अनादर मानला जातो, आणि तिथले लोक तो निमूटपणे सहन करत नाहीत.

पण पंगतीत शेजाऱ्याकडे बघून सगळंच कळत नाही. घरातून आपण जो डबा सोबत नेला आहे तो त्या पंगतीत उघडलेला चालेल का, हे यजमानालाच आधी विचारावं लागतं. कायद्याचं तसं आहे. चालरीत दिसते, कायदा दिसत नाही. उदाहरण म्हणून आपल्या स्वयंपाकघरातली खसखस घ्या. दिवाळीचे अनारसे थापायचे ते खसखशीवर, आणि तळल्यावर त्यांची एक बाजू तिनेच भरलेली दिसते. वर्षाच्या काळ्या मसाल्यातही अनेक घरांत ती असते. संयुक्त अरब अमिरातीत हीच खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, कारण ती अफूच्या बोंडातून निघते. दुबईतल्या मुलीसाठी आईने प्रेमाने बांधून दिलेली पुडी तिथल्या विमानतळावर अमली पदार्थ म्हणून मोजली जाते. सौदी अरेबियातही ती नेता येत नाही, सिंगापूरलाही नाही. हे दुबईच्या रस्त्यावर उभं राहून, आजूबाजूला बघून कसं कळणार? कळणारच नाही. म्हणून म्हणतो, निघण्यापूर्वी विचारा.

खोकल्याच्या औषधाचंही तेच. त्यात कोडीन असेल, किंवा दुखण्यावरच्या गोळीत ट्रॅमाडॉल असेल, तर अमिरातीत नेण्याआधी तिथल्या सरकारची परवानगी घ्यावी लागते. ती घरबसल्या ऑनलाइन मागता येते. जपानमध्ये सर्दीच्या काही औषधांवर बंदी आहे, आणि ती औषधं इथे सर्रास मिळतात. न्यूझीलंडला उतरताना बॅगेत एक सफरचंद विसरलं आणि अर्जावर लिहिलं नाही, तर जागच्या जागी चारशे डॉलर दंड होतो. लिहिलं असतं, तर फार तर सफरचंद गेलं असतं.

यावर लोक म्हणतात, सगळ्या देशांचे सगळे कायदे आम्ही कुठून पाठ करणार? ते करायला कोणी सांगत नाही. आपल्या बॅगेत काय आहे आणि आपण कशाचे फोटो काढणार आहोत, एवढ्यापुरतं विचारलं तरी बहुतेक संकटं टळतात. दुसरा आक्षेप असा, की सहल कंपनीला पैसे दिलेत, ते सांभाळून घेतील. भूतानच्या त्या गटाचा म्होरक्या भूतानीच होता. तरी व्हायचं ते झालं. कंपनी खोलीची आणि गाडीची जबाबदारी घेते, तुमच्या खिशातल्या पुडीची नाही. हजला जाणाऱ्यांना निघण्यापूर्वी प्रशिक्षण दिलं जातं, काय न्यायचं आणि काय नाही हे नीट समजावलं जातं. साठी ओलांडलेली, कधी विमानात न बसलेली माणसंही त्यामुळे निभावून येतात. मग सुट्टीवर जाणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसासाठी सहल कंपन्यांनी अर्ध्या तासाची बैठक का घेऊ नये?

तिसरा आक्षेप जरा रागातला असतो: परदेशी लोक आपल्याकडे येऊन कुठे नियम पाळतात? हा राग मी समजू शकतो. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, एका खांबावरच्या बुद्धाच्या रंगीत चित्रावर, जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपलं नाव कोरून ठेवलं. दोन हजार वर्षं जुन्या चैत्यगृहात ते आजही आहे. आज कोणी तसं केलं तर आपल्या पुरातत्त्व कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तो कायदा परदेशी पाहुण्यालाही तसाच लागू आहे, आणि तो असावा असंच आपल्याला वाटतं. गोव्याचंच बघा. २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांकडे उपग्रहाशी जोडणारी छोटी यंत्रं सापडली. त्यांच्या देशांत डोंगरात फिरणारे लोक ती सुरक्षेसाठी सर्रास बाळगतात. आपल्याकडे मात्र ती परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. आम्हाला माहीत नव्हतं, हे त्यांचं म्हणणं खरंच असेल, पण त्याने कारवाई थांबली नाही. आपण त्यांना ज्या मापाने मोजतो त्याच मापाने ते आपल्याला मोजणार. दुबईच्या खसखशीत आणि गोव्याच्या त्या यंत्रात मला काहीच फरक दिसत नाही.

एक आक्षेप मात्र खरोखर अवघड आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. काही देशांचे काही कायदे अन्यायाचेच असतील तर? थायलंडमध्ये राजघराण्याविषयी अपमानकारक बोललं तर तीन ते पंधरा वर्षं कैद होते. आपल्याला हे पटणार नाही, पटायलाही नको. पण पाळणं म्हणजे पटणं नव्हे. तो कायदा बदलायचा की नाही, यासाठी तिथले लोक झगडत आहेत, त्याची किंमतही मोजत आहेत. चार दिवसांच्या सहलीला आलेल्या माणसाने त्यात आवेशाने उडी घेऊन कोणाचं भलं होत नाही. जिथला कायदा आपल्या अस्तित्वालाच गुन्हा ठरवतो, तिथे न जाणं हाही मार्ग असतो, आणि तो कोणी निवडला तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. यावर अजून पुष्कळ बोलण्यासारखं आहे, विशेषतः शिक्षणासाठी गेलेल्या मुलांबद्दल, ज्यांना न जाण्याची मोकळीक नसते, पण घड्याळ पुढे सरकलंय.

वकिलातीबद्दल एवढंच सांगतो. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार, परदेशात अटक झाली तर आपल्या वकिलातीला कळवा अशी मागणी करण्याचा हक्क तुम्हाला आहे. वकिलातीची माणसं भेटायला येतील, वकिलांची नावं देतील, घरी कळवतील. तिथला खटला मात्र त्यांना रद्द करता येत नाही. खटल्याची वेळच येऊ न देण्याचं काम निघण्यापूर्वीच्या त्या एका प्रश्नाने होतं, म्हणून मी त्याच्यामागे लागलो आहे.

शेवटचं, मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी. सोय म्हणून तुम्ही गोळ्या पाकिटातून सोडवता आणि सोमवार-मंगळवारच्या डबीत भरता. प्रवासात तसं करू नका. सुट्ट्या पांढऱ्या गोळीवरून ती रक्तदाबाची आहे की झोपेची, हे कोणत्याच अधिकाऱ्याला कळत नाही. गोळ्या पाकिटातच ठेवा. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि रोजचं प्रमाण इंग्रजीत लिहून घ्या, त्यावर सही आणि शिक्का असू द्या. आणि तो कागद मोठ्या बॅगेत टाकू नका. पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवा.