बिल्ला कुणाचा?

सोडाल्यातून बोलतोय, जयपूरहून. घरामागे अजमेर रोड आहे, तेव्हा मधेच हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

आमचा जुन्या मोटारसायकलींचा छोटा गट आहे. जावा, येझदी, दोन बुलेट, एक राजदूत. मागच्या हिवाळ्यात आमच्यातला एक सोबती गेला. तेराव्यानंतर त्याचा मुलगा माझ्या दारात आला आणि म्हणाला, "काका, रविवारी बाबांची येझदी घेऊन येऊ ना? आणि त्यांचं जाकीट घालून?"

गाडीला मी लगेच हो म्हणालो. जाकिटापाशी अडलो, कारण त्याच्या पाठीवर आमच्या गटाचा बिल्ला शिवलेला होता. आज त्याबद्दलच बोलायचंय.

जुन्या गाडीवर आणि ती चालवणाऱ्याच्या अंगावर तीन प्रकारच्या खुणा असतात. पहिली गाडी बनवणाऱ्याची. 'जावा' हे नाव यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांच्या पहिल्या अक्षरांतून आलं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून या गाड्या निघू लागल्या, पुढे त्यांचीच येझदी झाली, आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. आता टाकीवरचं ते मूळ नाव पुन्हा मिळणं कठीण. म्हणून त्यावर गटाचा स्टिकर कधीही लावू नका. जुन्या रंगावरही नको. इथल्या उन्हात गोंद भाजून बसतो आणि काढताना रंगाचा पापुद्रा घेऊनच निघतो.

दुसरी खूण सरकारची आणि देशाची. नंबरप्लेटवर नंबराशिवाय काहीही नको. ना गटाचं नाव, ना जातीचं, ना 'दादा'. 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 2021 पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आहे, तिथेही हेच.

आणि तिरंगा. 15 ऑगस्टला कॅरिअरला झेंडा बांधून निघायची हौस असते. पण मोटारीवर तो फडकवण्याचा मान ध्वजसंहितेने राष्ट्रपती, राज्यपाल अशा मोजक्या पदांनाच दिलाय, आणि 1971 च्या कायद्याप्रमाणे तो वाहनावर पांघरता येत नाही. शिवाय साठच्या वेगात दोन तास फडफडला की कडा उसवतात, आणि फाटका ध्वज लावणं हा अवमानच. आमच्याकडे ठरलंय, गाडीवर तिरंगा नाही. मुक्कामी पोचल्यावर काठीवर नीट फडकवायचा, आणि गटाचा झेंडा त्याच्यापेक्षा उंच नाही, त्याच्या शेजारीही नाही.

झेंड्यांचा हा क्रम जयपूरला नवा नाही. सिटी पॅलेसवर एक मोठा ध्वज आणि सोबत पाव आकाराचा लहान ध्वज असतो. सवाई जयसिंहांच्या 'सवाई' या किताबाची ती खूण. आपल्यालाही सवाई माधवरावांमुळे हा शब्द घरचाच आहे. लहान ध्वज मोठ्याची जागा घेत नाही, म्हणून दोन्ही शोभतात.

तिसरी खूण गटाची, म्हणजे बिल्ला. अमेरिकेत काही मोटारसायकल क्लबांचा पाठीवरचा बिल्ला तीन तुकड्यांचा असतो. वर नाव, मधे चिन्ह, खाली प्रदेश. खालचा तुकडा म्हणजे 'हा मुलूख आमचा' असा दावा. तुमचा पुतण्या तिकडे असेल आणि हौसेने तसं शिवून घेणार असेल, तर त्याला वेळीच थांबवा. उगाच भांडण ओढवेल. आपल्यासारख्या फिरस्त्या गटांना एकसंध बिल्ला पुरतो.

पण बिल्ल्याचा अर्थ दोन्हीकडे एकच. 'या माणसाला आम्ही ओळखतो, हा चुकला तर आम्हाला विचारा.' सिग्नल तोडणाऱ्याचं नाव कुणाला कळत नाही, पाठीवरचं चिन्ह मात्र सगळ्यांना दिसतं. म्हणून आम्ही तो विकत नाही आणि पहिल्या दिवशी देतही नाही. वर्षभर सोबत फिरल्यावर देतो.

हे सगळं मी त्या मुलाला दारातच ऐकवलं. माझं म्हणणं बरोबर होतं, पण वेळ चुकली. त्याने मान हलवली आणि गेला. दोन आठवडे फोन उचलला नाही.

मग आम्ही सगळे बसलो. एक जण म्हणाला, "गाडी वारशाने येते. बिल्ला म्हणजे आपण एका माणसावर टाकलेला विश्वास. तो त्याचाच राहू दे." ते सगळ्यांना पटलं. आम्ही त्याच्या घरी गेलो. वहिनींनी स्वतः एकेक टाका उसवून बिल्ला काढला. तो आम्ही चौकटीत बसवून त्यांना दिला, आता तो त्याच्या फोटोशेजारी आहे. जाकीट मुलाचं.

जुलैचा दुसरा रविवार जावा-येझदी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी तो आला, बाबांच्या गाडीवर, रांगेत सगळ्यात मागे. जाकिटाच्या पाठीवर बिल्ल्याच्या जागी न विटलेला गडद चौकोन दिसत होता, भोवती टाक्यांची भोकं. कुणी काही बोललं नाही. वर्ष झालं की तिथे त्याचा स्वतःचा बिल्ला लागेल.

आमची चूक एवढीच, की हे आधी लिहून ठेवलं नव्हतं. तुमचा गट असेल तर आजच तीन ओळी लिहा. बिल्ला कोण देणार, कधी परत घेणार, आणि माणूस गेल्यावर त्याचं काय करणार. तिसरी ओळ लिहिताना जड जाईल. तरी लिहा, म्हणजे एखाद्या पोराला दारात उभं राहून 'नाही' ऐकावं लागणार नाही.

भेटू पुढच्या भागात. हेल्मेटचा पट्टा लावा. नमस्कार.