मध्यान्हींची सावली

दुपारचे बारा वाजले कीं सूर्य डोक्यावर येतो, असें बोलण्याचा प्रघात आहे. पण जिज्ञासु मनुष्यानें अंगणांत एक काठी उभी करून पाहिली, तर या साध्या वाक्यांत दोन चुका आढळतात. एक घड्याळाची आणि दुसरी डोक्याची.

प्रथम घड्याळाची चूक पाहूं. भारताची प्रमाणवेळ १९०६ सालीं ठरली, ती मिर्झापुराजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर हीं गांवें त्याच्या पश्चिमेस सुमारें सव्वानऊ अंशांवर आहेत. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटें लागतात. म्हणून येथला मध्यान्ह सरासरीनें सदतीस मिनिटें उशिरां होतो. मे महिन्याच्या मध्यास सूर्य घड्याळाच्या साडेतीन मिनिटें पुढें असतो. तेवढीं वजा घातलीं म्हणजे खरा मध्यान्ह बारा वाजून चौतीस मिनिटांच्या सुमारास येतो.

दुसरी चूक अधिक मनोरंजक आहे. हीं गांवें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९.२ अंशांवर आहेत. सूर्य मात्र वर्षभरांत उत्तरेस व दक्षिणेस साडेतेवीस अंशांपर्यंत सरकत असतो. तेव्हां उत्तरेकडे जातांना एकदां व परततांना एकदां, असा वर्षांतून दोनदांच तो येथें बरोबर माथ्यावर येतो. १६ मेच्या व २७ जुलैच्या सुमारास. त्या मध्यान्हीं उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यांत विरून जाते. एरवीं २१ डिसेंबरास मीटरभर काठीची सावली उत्तरेकडे सुमारें ९२ सेंटिमीटर पडते, आणि २१ जूनला तीच सावली चक्क दक्षिणेकडे, सात सेंटिमीटरांच्या आसपास पडते. अंबरनाथच्या शिवालयांत शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. त्या देवळाच्या आवारांतही सावलीचा हा लोप तेव्हांपासून दरवर्षीं दोनदां होत आला आहे.

उल्हासनगरास या गोष्टीचें आणखी एक महत्त्व आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधील हजारों कुटुंबें कल्याणजवळच्या लष्करी छावणींत येऊन राहिलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. आतां, सिंध प्रांत सर्वच्या सर्व कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. तेथें सूर्य कधींच माथ्यावर येत नाहीं, आणि मध्यान्हींची सावली बारा महिने उत्तरेसच पडते. म्हणजे जीं माणसें जन्मभर सिंधमध्येंच राहिलीं होतीं, त्यांची सावली मध्यान्हीं प्रथमच नाहींशी झाली ती या छावणींत. परंतु ज्यांचें घरच हरवलें होतें, त्यांचें लक्ष सावलीकडे कोठून जाणार!

त्या हरवलेल्या घराचें अंतरही सावलीनें मोजतां येतें. अंबरनाथला सावली लोपते त्या दिवशीं कराचींत, तेथल्या मध्यान्हीं, मीटरभर काठीची सावली सुमारें १० सेंटिमीटर असते. याचा अर्थ सूर्य तेथें माथ्यापासून ५.७ अंश कललेला दिसतो. सूर्य पंधरा कोटि किलोमीटर दूर असल्यानें त्याचे किरण दोन्हीं ठिकाणीं समांतरच येतात. हा कल सूर्याचा नसून जमिनीच्या गोलाईचा आहे. कराची अंबरनाथच्या उत्तरेस सुमारें ६३० किलोमीटर आहे. पूर्ण वर्तुळांत ५.७ अंश सुमारें त्रेसष्ट वेळां मावतात. ६३० ला ६३ नें गुणिलें कीं पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरांच्या जवळपास निघतो. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत एराटोस्थेनीसनें मिसर देशांतील सायीनी व अलेक्झांड्रिया या दोन नगरांच्या सावल्यांवरून हीच युक्ति योजिली होती.

हा प्रयोग कोणत्याही घरच्या गच्चीवर होण्याजोगा आहे. साधन म्हणजे मीटरभर सरळ काठी, मोजपट्टी आणि दोऱ्याला वजन बांधून केलेला ओळंबा. जुलैंत बहुधा आकाश ढगांनीं भरलेलें असतें. म्हणून मे महिना बरा. दोनचार दिवस आधींपासून खऱ्या मध्यान्हीं सावलीच्या टोकाशीं खूण करीत गेल्यास ती रोज सुमारें चार मिलिमीटर आखूड झालेली दिसेल. १६ मेच्या सुमारास सावली लोपली म्हणजे ओळंब्यानें तपासलेल्या त्या काठीचें टोक दहा सेंटिमीटर उत्तरेकडे झुकवावें. लागलीच उत्तरेस दहा सेंटिमीटरांची सावली उमटेल. कराचींतील अंगणांत सरळ उभी असलेली काठी अंबरनाथच्या काठीशीं तुलना करतां नेमकी तेवढीच झुकलेली असते. उल्हासनगरच्या एखाद्या घरांत सिंधमध्यें बालपण गेलेले आजोबा असतील, तर नातवंडांनीं त्या वेळीं त्यांना गच्चीवर अवश्य बोलवावें.