५३० च्या पुढे कोण नेणार?



गेल्या महिन्यात आपल्या रेडिओकडे एका ताईंचं पत्र आलं. त्यांची मुलगी अकरावीत आहे. दोन वर्षं झाली, ती एअर पिस्तूल नेमबाजी करते. शाळेतून जिल्ह्याला गेली, जिल्ह्यातून विभागाला गेली. आता गाडं अडलंय. सहाशेपैकी ५२५, ५३०, कधी ५३२. आठ महिने झाले, आकडा हलत नाही. सर म्हणतात, नवं परदेशी पिस्तूल घ्या. त्याची किंमत लाख-दीड लाखाच्या पुढे. ताई विचारतात, बांगड्या मोडू का? की आणखी चांगलं शिकवणारं कुणी जवळपास शोधू? मुलीला पुण्याला ठेवणं आम्हाला जमणार नाही.

मी जिल्ह्याच्या स्पर्धांना पंच म्हणून बसते. मागे खुर्चीवर बसून मुलींच्या पाठी बघत राहायच्या, हेच माझं काम. त्यामुळे ५३० वर अडकलेल्या पुष्कळ मुली मी पाहिल्यात. त्यातल्या काही पुढे गेल्या, बऱ्याच जणींनी बारावीच्या नावाखाली खेळ सोडला. तेव्हा आज याच विषयावर बोलू.

आधी ५३० म्हणजे काय ते समजून घेऊ. दहा मीटरवर कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतं. मधला दहाचा गोल फक्त साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढा. एका हाताने, हात सरळ करून ६० नेम मारायचे, इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ७५ मिनिटांत. पूर्वी मुलींना ४० नेम असायचे, २०१८ पासून मुलामुलींना सारखेच ६० झाले. ५३० म्हणजे दर नेमाला सरासरी नऊपेक्षाही थोडे कमी. पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरने पदक मिळवलं, तेव्हा पात्रता फेरीत तिचे ५८० होते. आपल्या मुलीला ५३० वरून ५५० वर यायचं असेल, तर दर तीन नेमांमागे एक गुण वाढायला हवा. ऐकायला किती सोपं वाटतं! पण तो एक गुण ताकदीने येत नाही, जास्त छर्रे उडवूनही येत नाही.

मग कशाने येतो? एक हिशेब सांगते, तो नीट ऐका. चांगला शिक्षक ओळखायला पुढे तोच उपयोगी पडणार आहे.

पिस्तुलाला दोन साइट असतात. मागचा खाचेचा, पुढचा उभ्या पट्टीचा. दोघांत साधारण ३५ सेंटिमीटरचं अंतर. खाचेत पट्टी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत, अशी दिसायला हवी. आता हात पूर्ण स्थिर कुणाचाच राहत नाही. साइट जुळलेले ठेवून अख्खा हात एक मिलिमीटर बाजूला सरकला, तर टार्गेटवर फरक पडतो एकच मिलिमीटर. दहाचा दहाच राहतो. पण मनगट जरासं वळलं आणि पुढची पट्टी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर तो फरक होतो जवळजवळ २८ मिलिमीटर. दहाचा सात! म्हणून डोळा टार्गेटवर ठेवायचा नसतो, पुढच्या पट्टीवर ठेवायचा असतो. काळा गोल अंधुक दिसला तरी चालतो, किंबहुना अंधुकच दिसायला हवा.

नवीन मुलीला हे पहिल्या आठवड्यात सांगतात. दोन वर्षांनी तिला तोंडपाठ असतं. पण गुणांचा फलक शेजारी दिसायला लागला, की डोळा हळूच टार्गेटकडे पळतो. कुठे लागलं ते बघायची घाई. आणि ट्रिगर? तो किमान ५०० ग्रॅम वजनाचा असावा लागतो. तो हळूहळू दाबत न्यायच्या ऐवजी, चित्र छान दिसलं की ‘आत्ता!’ म्हणून झटका बसतो. उजव्या हाताच्या मुलीचे नेम डावीकडे खाली जमायला लागले, तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

म्हणजे मधल्या टप्प्यावरच्या मुलीला नवीन काही शिकवायचं नसतं. तिला जे येतं तेच साठच्या साठ वेळा कसं करायचं, हे शिकवणारा माणूस हवा. आणि नवशिक्यांचा शिक्षक बऱ्याचदा इथेच कमी पडतो. त्याच्यात वाईट काही नसतं. पंधरा पोरांना सुरक्षितपणे पिस्तूल धरायला शिकवणं हेही मोठं काम आहे. पण ते काम वेगळं.

आपल्या भागात शिकवणारे साधारण तीन प्रकारचे भेटतात. पहिले निवृत्त फौजी किंवा पोलिस खात्यातले. शिस्त आणि सुरक्षितता त्यांच्याकडूनच शिकावी. पण त्यांची सवय दोन हातांनी सर्व्हिस पिस्तूल चालवायची. खेळातलं पिस्तूल एका हाताचं, उभं राहायचं ते आडवं, अंगाची बाजू टार्गेटकडे करून. हा फरक ज्यांनी मनापासून समजून घेतलाय, त्यांच्याकडे खुशाल जा. दुसरे रायफलवाले. महाराष्ट्राची परंपरा रायफलची. अंजली भागवत, सुमा शिरूर, कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, पॅरिसला पदक आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आणि त्याला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे, सगळे रायफलचे. श्वास, मन, डायरी, स्पर्धेचा दिवस हे ते उत्तम शिकवतील. पण रायफलला जॅकेटचा आणि दोन्ही हातांचा आधार असतो. पिस्तुलाला एक मनगट, बस्स. तिसरे तरुण माजी खेळाडू, कालपरवापर्यंत स्वतः मारणारे. त्यांच्या हाताला सगळं येतं. पण सांगायला येतंच असं नाही.

राही सरनोबतचं उदाहरण घ्या. कोल्हापूरचीच. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात तिने सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी कोपराच्या दुखापतीने तिची काही वर्षं वाया गेली होती. परत उभं राहताना तिने शिक्षक निवडली ती मुंखबायार दोर्जसुरेन. याच २५ मीटर पिस्तुलात १९९२ आणि २००८, दोन ऑलिंपिकांत कांस्य मिळवलेली बाई. दोन पदकांमध्ये सोळा वर्षं! म्हणजे त्याच प्रकारात अडकून, त्यातून बाहेर पडून, पुन्हा तिथे पोचलेली. आपल्याला काही ऑलिंपिकवाली बाई मिळणार नाही. पण शोधायचं कुणाला, ते यातून कळतं. ज्याने स्वतः किंवा ज्याच्या शिष्यांनी पिस्तुलातच हा टप्पा ओलांडलाय, असं माणूस.

शोधायचं कुठे? जिल्हा रायफल असोसिएशनकडे नोंदलेले क्लब असतात, तिथून सुरुवात करा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात शालेय स्पर्धांचे निकाल असतात. त्यात गेल्या तीन वर्षांचे एअर पिस्तुलाचे गुण काढा आणि कुठल्या शाळेच्या, कुठल्या क्लबच्या मुलींचे गुण दरवर्षी चढलेत ते पाहा. पहिला नंबर कुणाचा हे बघू नका. एखादी मुलगी मुळातच हुशार असते, ती कुठेही पहिली येईल. ५१० वाली तीन वर्षांत ५५० ला पोचली, असं ज्याच्याकडे दोनतीनदा घडलंय, त्याचं नाव लिहून घ्या. निकालाच्या कागदावर हे सगळं असतं, फक्त कुणी वाचत नाही.

मग शक्य असेल तर एकदा राज्य स्पर्धेला जा. मुलीची निवड झाली नसली तरी. मागे प्रेक्षकांत बसा आणि खेळाडू सोडून शिक्षकांकडे बघा. मुलीचा सात पडला की कोण कपाळाला हात लावतो, कोण शांतपणे वहीत टिपतो. बाहेर आल्यावर कोण आधी गुण विचारतो आणि कोण ‘पाणी पी’ म्हणतो. अर्ध्या दिवसात तुम्हाला बरंच कळेल.

नाव सापडलं की लगेच वर्षाची फी भरू नका. दोन-तीन सत्रं करून बघा. चांगल्या शिक्षकाची पहिली खूण अशी, की तो पहिला अर्धा तास जवळजवळ काही बोलत नाही. आणि बघतो ते टार्गेटकडे नाही, मुलीकडे. पायांकडे, खांद्याकडे, ट्रिगरच्या बोटाकडे, नेम सुटल्यानंतर हात लगेच खाली येतो का याकडे. मग विचारतो, डायरी आहे का? नसेल तर त्याच दिवशी सुरू करायला लावतो.

मग तो मुलीला डोळे मिटून पिस्तूल उचलायला सांगेल आणि डोळे उघडायला लावेल. पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे गेलेलं असेल तर हात ओढून आणू देणार नाही, पाय सरकवायला लावेल. टार्गेटचा कागद उलटा लावून कोऱ्या पांढऱ्या बाजूवर नेम मारायला लावेल, म्हणजे डोळ्याला पळायला जागाच नको. छर्रा न घालता कोरडा सराव देईल. घरी रोज वीस मिनिटं भिंतीसमोर, आणि त्या खोलीत छऱ्यांची डबी नसावी हेही बजावेल. पहिल्याच दिवशी पकड, उभं राहणं, श्वास सगळं एकदम बदलायला सांगणाऱ्याला मात्र नमस्कार करून घरी या. एका वेळी एकच गोष्ट बदलतात, आणि तीही काही आठवडे टिकवतात. या काळात गुण थोडे घसरतात. त्याची कल्पना तो आधीच देतो का, हेही बघा. नाहीतर तुम्हीच घाबरून शिक्षक बदलाल.

आता बांगड्यांचं. ताई, तूर्त त्या हातातच राहू द्या. पिस्तुलाचा दोष आहे की हाताचा, हे ठरवायला दमडीही लागत नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या चांगल्या नेमबाजाला विनंती करा, की मुलीच्या पिस्तुलाने दहा नेम मारून दाखव. त्याचे ९४-९५ आले, तर पिस्तुलात त्या मुलीचे वीस गुण अजून शिल्लक आहेत. त्याचेही छर्रे विखुरले, तर आधी छर्रे बदलून, सिलेंडरचा दाब तपासून बघा, दुरुस्ती करा आणि मग पुढचा विचार करा. सिलेंडरवरची तारीखही बघा. दहा वर्षांपेक्षा जुना सिलेंडर वापरू नये. आणखी एक. लाकडी मूठ बऱ्याचदा पुरुषाच्या हाताच्या मापाची असते. मुलीचं बोट ट्रिगरवर नीट पोचत नाही, मनगट सैल पडतं. कानस आणि थोडी पुट्टी घेऊन मुठीवर तासभर बसणारा शिक्षक, नवं पिस्तूल घ्या म्हणणाऱ्यापेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो. तो आधीचा माणूस पिस्तूल विकतोही का, हे हळूच विचारून घ्यायला हरकत नाही.

आता थोडं आयांच्या कानात. या खेळात शिकवताना खांदा, कोपर, मनगट धरून दाखवावं लागतं. चांगला शिक्षक आधी विचारतो, ‘हात लावू का?’ आणि शक्यतो आधी स्वतःच्या हातावर दाखवतो. तुम्हाला मागे बसू देत नसेल, एकट्या मुलीला बंद रेंजवर वेगळ्या वेळेला बोलावत असेल, रात्री उशिरा मेसेज करत असेल, तर त्याचे शिष्य देशात पहिले येत असले तरी आपली मुलगी तिथे नको. क्लबमध्ये तक्रार कुणाकडे करायची हे फी भरायच्या आधी विचारा. विचारलं म्हणून ज्याला राग येतो, त्याने तुमचं काम सोपं केलं.

रेंजची शिस्तही बघा. पिस्तूल कायम टार्गेटकडेच रोखलेलं हवं, नेम मारायचे नसतील तेव्हा नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग हवा, कुणी पुढे गेलं असेल तर पिस्तुलाला कुणाचाही हात लागता कामा नये. आणि छर्रे शिशाचे असतात. साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हे सांगणारी पाटी जिथे आहे आणि बेसिनवर साबणही आहे, तिथे बाकीचंही बरंच ठीक असतं, असा माझा अनुभव.

राहता राहिला अंतराचा प्रश्न. जवळचा चांगला शिक्षक म्हणजे रोज भेटणारा, असंच काही नाही. आमच्या भागातल्या चार घरांनी एक सोय केलीय. कोल्हापूरहून एक शिक्षिका महिन्यातून एका रविवारी येतात. प्रवासखर्च आणि फी चौघींत वाटली जाते, जेवण आळीपाळीने एकेका घरी. त्या दिवशी प्रत्येकीला एकच काम मिळतं, ते वहीत लिहिलं जातं. मधले चार आठवडे मुली नेहमीच्याच रेंजवर, नेहमीच्याच सरांसमोर ते करतात. सरांना आधी विचारलं होतं. थोडे खट्टू झाले, पण आता त्या रविवारी स्वतः वही घेऊन मागे बसतात. दर शनिवारी मुलींनी पाठीमागून आणि बाजूने मोबाइलवर काढलेली दहा नेमांची चित्रफीत शिक्षिकेला जाते. ती आईच्या फोनवरून.

अशी सोय करायची असेल, तर आधी तुमच्या रेंजवर पिस्तूल मारणाऱ्या मुली मोजा. तीन असल्या तरी पुरे. त्यांच्या आयांना एकदा चहाला बोलवा आणि गेल्या वर्षीचे निकालाचे कागद बरोबर घेऊन बसा.