पोरांची बोली व मास्तरांचें पुस्तक

(तलासरी तालुक्यांतील एका शाळेंत पालक व शिक्षक यांच्यापुढें केलेलें भाषण)



मी कांहीं मोठा वक्ता नाहीं. अध्यापक विद्यालयांतून शिकून बाहेर पडलेला खेड्यांतला मास्तर आहें. माझ्या हातून झालेली एक चूक आज तुमच्यापुढें कबूल करतों.

पहिल्या नोकरींतली गोष्ट. पुस्तकांत कणसाचें चित्र होतें. मीं विचारलें, "हें काय?" एक वारली मुलगा उठून म्हणाला, "नागली." मी म्हणालों, "चूक! नाचणी म्हण." वर्ग हंसला. तो खालीं बसला, तो पुन्हा वर्गांत बोलला नाहीं. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला. त्याची शाळा सुटली ती सुटलीच. पुढल्या पावसाळ्यांत मला तो शेतांत भेटला. हळवें भात कोणत्या खाचरांत लावावें, गरवें कोणत्या, हें मलाच समजावून सांगूं लागला! मग हा पोर माझ्या वर्गांत मुका कां झाला? मीं त्याचें तोंड बंद केलें म्हणून.

आपल्या डहाणू-तलासरीकडे पाहा. एका पाड्यावर वारली, दुसऱ्यावर धोडी, कोठें कोकणा. गुजरातची हद्द लागून, म्हणून बाजारांत गुजराती. शाळेंत पुस्तकी मराठी, आणि पहिलीपासून इंग्रजी. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरही नवें आणि शब्दही नवा. मग तें फळ्यावरून उतरून घेतें, पण त्याला अर्थ कळत नाहीं. आम्ही मात्र म्हणतों, या पोरांना डोकेंच नाहीं!

जोतीराव फुले यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें मागणी केली कीं, प्राथमिक शाळेचे शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतले असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील. हीच गोष्ट आज पाड्याला लागू आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं 1945 सालीं बोर्डीस काम सुरू केलें व पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं शाळाच अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत नेली. शिंपले, बिया, पानें हींच साधनें केलीं. मूल जेथें आहे तेथून आरंभ करावा, हा धडा आपल्याच भागांत घडला आहे.

मी आतां काय करतों तें सांगतों. मुलांना त्यांच्या बोलींत गोष्ट सांगूं देतों. त्यांचेच शब्द देवनागरींत फळ्यावर लिहितों व तेच वाचून घेतों. आपल्या तोंडचा शब्द फळ्यावर पाहून पोरांचे डोळे चमकतात. मग शेजारीं पुस्तकी शब्द लिहितों. "हा घरचा, हा पुस्तकाचा" एवढेंच म्हणतों. "चूक" म्हणत नाहीं. दोन रकान्यांची एक वही ठेवली आहे. तींत मुलें मला शब्द देतात, मी त्यांना देतों.

कोणी पालक म्हणतील, "मास्तर, बोली आम्हांला घरीं येतेच, शाळेंत मराठी शिकवा." अगदीं रास्त! सातबारा मराठींत, वनहक्काचा कागद मराठींत. तो ज्याला वाचतां येत नाहीं, त्याची जमीन दुसऱ्याच्या जिभेवर राहते. म्हणूनच मराठी पक्की हवी. पण पायरी सोडून माडीवर उडी मारणारा पडतो. बोली ही पायरी आहे.

कायदाही हेंच सांगतो. घटनेंत 1956 सालीं आलेलें 350-अ कलम भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळण्याची सोय करावी असें म्हणतें. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यांतही शक्य तोंवर मातृभाषाच सांगितली आहे. परंतु कायदा वर्गांत उभा राहत नाहीं, मास्तर उभा राहतो. "ज्ञाताकडून अज्ञाताकडे" हें सूत्र आम्हीं परीक्षेसाठीं पाठ केलें. पण पाड्यावरच्या मुलाला ज्ञात काय, हें आम्हांला कोणीं शिकविलें नाहीं. म्हणून माझी मागणी अशी : या भागांत येणाऱ्या शिक्षकानें शिकत असतांनाच कांहीं महिने पाड्यावर राहून बोली शिकावी, व त्या बोलींत धडा घेऊन दाखवावा. पाड्यावरचीं शिकलेलीं मुलेंमुली मास्तर व्हावींत, आणि तोंवर त्यांना वर्गांत मदतनीस म्हणून बसवावें.

पालकहो, तुम्हीही शाळेंत या. आजीबाईंनीं कणसरीची गोष्ट वर्गांत येऊन सांगावी. मी ती फळ्यावर लिहीन. आणि कोणी मास्तर तुमच्या पोराच्या बोलीला हंसला, तर त्याला नम्रपणें विचारा, "गुरुजी, आमची बोली तुम्ही किती शिकलांत?"

तो मुलगा आतां बाप झाला आहे. यंदा त्याची मुलगी माझ्या वर्गांत आहे. परवां ती मोठ्यानें म्हणाली, "नागली!" मीं तें फळ्यावर लिहिलें.