बंदुकीचा दस्ता आणि शाळेचे बाक
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी बजावले होते की नोकरीबद्दल बोलायचे नाही आणि मुलांचे मार्क सांगायचे नाहीत. छंदाबद्दल बोला, म्हणाले. मी पडले सॉफ्टवेअर इंजिनिअर. या दोन गोष्टी वगळल्या तर माझ्याकडे फारसे काही उरत नाही. पण गेल्या दोन वर्षांत मी घरी एक उद्योग केला आहे, तो सांगते. मी रायफल बनवली.

मागच्या रांगेतल्यांनी उठू नये. पूर्ण रायफल नाही बनवली, तिचा लाकडी दस्ता बनवला. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय घरात बंदूक घडवणे हा गुन्हा आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. माझी रायफल म्हणजे दहा मीटरवर कागदाला भोक पाडणारी एअर रायफल. 4.5 मिलिमीटरचा छर्रा आणि 20 ज्यूलच्या आतली ताकद असली तर तिला परवाना लागत नाही. तरीही नळी, चाप, हवेची टाकी यांना मी हात लावला नाही. माझा संबंध फक्त लाकडाशी.

नेमबाजी पनवेलला नवीन नाही. ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांनी आपल्याच गावात कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत मुलांना घडवले आहे. 2004 मध्ये आशियाई स्पर्धेत त्यांनी 400 पैकी 400 गुण केले होते. 2024 मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्यपदक जिंकले, आणि माझ्या मुलीनेही हट्ट धरला.

अडचण अशी की ती डावरी. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला टेकतो, हिचा उजव्या बाजूला. आम्ही जुनी रायफल घेतली होती, तिचा दस्ता उजव्या हातासाठी कोरलेला आणि एका उंच माणसाच्या मापाचा. मान वाकडी करून, खांदा उचलून ती नेम धरायची आणि तासाभरात पाठ दुखते म्हणायची. या खेळात दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. साठ छर्रे, सव्वा तास. शरीर अवघडलेले असेल तर ठिपका हलतच राहतो. परदेशी डावरा दस्ता मागवायचा तर किंमत ऐकून मी फोन ठेवला आणि ठरवले, आपणच करू. इंजिनिअर आहोत ना!

वाचायला लागले तर एक वेगळेच जग दिसले. अमेरिकेत हौशी माणसे जुन्या मौजर रायफलचे यंत्र घेऊन घरच्या गॅरेजमध्ये मोठ्या शिकारीची रायफल घडवतात. .375 सारख्या मोठ्या काडतुसाचा धक्का एवढा असतो की यंत्र लाकडात नीट बसलेले नसेल तर दस्ता मागच्या बाजूने चिरतो. म्हणून ती माणसे लाकूड आणि लोखंड यांच्यातली फट घालवण्यासाठी महिनोन् महिने घालवतात. शिकारीशी मला काही देणेघेणे नव्हते, पण ती फट माझ्या डोक्यात बसली.

मी मुलीची सगळी मापे घेतली, संगणकावर त्रिमितीय आराखडा काढला, एका वर्कशॉपमधून सागाचा दस्ता यंत्रावर कापून आणला. दिसायला सुंदर होता. मे महिन्यात पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायचे. जुलैत तेच छर्रे डावीकडे सरकले. ऑगस्टमध्ये आणखी. पनवेलचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात. लाकूड फुगले, स्क्रूखाली दबले, आणि नळीची दिशा बदलली. माझ्या आराखड्यात सगळे होते, फक्त पाऊस नव्हता.

तेव्हा मी तो दस्ता घेऊन अप्पांकडे गेले.

माझे वडील सुतार. आजोबा बैलगाडीची चाके बनवायचे. पनवेल एकेकाळी चाकांसाठी नावाजलेले होते, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसेल. बाभळीचे लाकूड, मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. पाणी ओतले की धाव आक्रसायची आणि सगळे चाक घट्ट आवळायची. लाकूड आणि लोखंड यांच्यातल्या फटीवर आमच्या घरात दोन पिढ्या जेवल्या होत्या, आणि मी ती विद्या अमेरिकेतल्या लोकांकडून शिकत होते.

अप्पांनी दस्ता हातात घेतला, नखाने टिचकी मारली. म्हणाले, "ओलं आहे गं. मुरलेलं नाही. आणि मोजून कापलंस, बसवून नाही कापलंस."

आता त्यांचे हात थरथरतात. पटाशी धरवत नाही. म्हणून त्यांनी खाटेवर बसून सांगायचे आणि मी करायचे, असे ठरले. पाडलेल्या एका जुन्या घराची सागाची तुळई वखारीतून मिळाली, साठ-सत्तर पावसाळे पाहिलेली. पहिला महिना फक्त पटाशीला धार लावण्यात गेला. नंतर अप्पांनी काजळ मागवले. मला वाटले नातीसाठी. ते म्हणाले, "लोखंडाला लाव, लाकडात दाब, उचल. जिथं काळं लागलं, तिथं लाकूड आड येतंय. तेवढंच तास." रोज रात्री कॉल संपले की मी काजळ लावायची, दाबायची, उचलायची, कागदाएवढी ढलपी काढायची. पुन्हा काजळ. अशा कितीतरी रात्री. ज्या दिवशी सगळ्या खाचेला सारखा काळा रंग लागला, त्या दिवशी अप्पा काही बोलले नाहीत, नुसता चहा मागितला. माझी भर एवढीच की स्क्रूभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या, म्हणजे लाकूड फुगले तरी पकड बदलत नाही. तेही त्यांनी मान्य केले. "आजोबांची धावच ही, आतून घातलेली," म्हणाले. वरून जवसाच्या तेलाचे हात दिले.

या रात्रींपैकी एका रात्री त्यांनी सहज सांगितले, "कडा मारत जा. तुमच्या शाळेच्या बाकांच्या सगळ्या कडा मी गोल केल्या होत्या. पोरींचे स्कर्ट अडकून फाटायचे."

माझ्या हातातली पटाशी तिथेच थांबली.

मित्रांनो, आपण आठवीत असताना शाळेतले बाक दुरुस्त करायला सुतार आले होते, आठवते? व्हरांड्यात दोन आठवडे भुसा पडला होता. मधल्या सुट्टीत आपण सात-आठ जणी तिथून जात होतो. त्या सुताराने मान वर केली आणि माझ्याकडे पाहून हसला. तुमच्यापैकी एकीने विचारले, "कोण गं ते?" मी म्हणाले, "असतील कोणीतरी." तुम्हाला मी सांगत आले होते की माझ्या वडिलांचा फर्निचरचा धंदा आहे. आमच्या भूमितीच्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकले असावे, पण कधी बोलल्या नाहीत. अप्पांनी तर नक्कीच ऐकले. त्यानंतर शाळेच्या पालकसभेला ते कधी आले नाहीत, आईच यायची. घरी एका शब्दाने विषय काढला नाही. आणि ज्या मुलीने ओळख दिली नाही, तिचा स्कर्ट फाटू नये म्हणून बाकांच्या कडा तासत राहिले.

त्या रात्री मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "लहान होतीस." एवढेच. पण मला ते पुरेसे वाटले नाही. मी त्यांना नाकारले होते ते घरात नाही, तुमच्यासमोर. म्हणून आज ही जागा मागून घेतली.

रायफलचे काय झाले ते सांगते. तिचे वजन नियमाप्रमाणे साडेपाच किलोच्या आत आहे. मुलीची मान सरळ राहते, पाठ दुखत नाही. यंदाच्या पावसाळ्यात छर्रे जागेवरून हलले नाहीत. पदक वगैरे अजून काही नाही, जिल्हा स्पर्धेत ती बरीच खाली होती. क्लबमध्ये कोणी विचारले की हा दस्ता कुठून आणला, तर ती म्हणते, "माझे आजोबा सुतार आहेत." तिला ते सांगायला एक क्षणही लागत नाही.

शेवटच्या रांगेत, पंख्याखाली, पांढऱ्या टोपीत जे बसले आहेत, ते माझे वडील. पालकसभा चुकल्या, म्हणून मेळाव्याला घेऊन आले. त्यांना कमी ऐकू येते, तेव्हा जेवायला जाताना जरा जवळ जाऊन, मोठ्याने ओळख करून घ्या. आणि आपल्या जुन्या वर्गात जाणार असाल, तर बाकांच्या कडांवरून एकदा हात फिरवा.