स्वस्त शेअर म्हणजे काय?

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात बँकांच्या आणि शेअर-दलालांच्या कचेऱ्या दाटीने वसल्या आहेत. निवृत्तीची पुंजी घेऊन तेथे जाणारा गृहस्थ बहुधा प्रथम विचारतो, 'या दोहोंत स्वस्त शेअर कोणता?' प्रश्न रास्त आहे. परंतु केवळ भाव पाहून त्याचे उत्तर मिळत नाही.

मोटारींसाठी संगणकीय प्रणाली घडविणाऱ्या कंपन्या घेऊ. पुण्याची केपीआयटी आणि बंगळूरची टाटा एलेक्सी या समव्यवसायी समजल्या जातात. गेली काही वर्षे एलेक्सीच्या शेअरचा भाव केपीआयटीच्या कित्येक पट राहिला आहे. म्हणून केपीआयटी स्वस्त ठरते काय? मुळीच नाही. एलेक्सीचे शेअर सुमारे 6 कोटी 23 लाख, तर केपीआयटीचे 27 कोटींहून अधिक. भाकरीचे चार तुकडे केले तर प्रत्येक मोठा, सोळा केले तर लहान. एका तुकड्याच्या किमतीवरून भाकरी महाग की स्वस्त हे ठरत नाही.

तेव्हा भावाला दर शेअरमागील वार्षिक नफ्याने भागावे. समजा, भाव 1,200 रुपये आणि नफा 30 रुपये आहे. म्हणजे एका रुपयाच्या नफ्यासाठी आपण 40 रुपये मोजतो. हा आकडा समव्यवसायी कंपन्यांच्या आकड्यांशी ताडून पाहावा.

परंतु त्या खरोखर समव्यवसायी आहेत काय? 2019 च्या विभाजनानंतर केपीआयटीने आपला सारा भर वाहनांवर दिला. एलेक्सी प्रसारण व वैद्यकीय उपकरणे यांचेही काम करते. टाटा टेक्नॉलॉजीजचे मोठे ग्राहक तिच्याच समूहातील टाटा मोटर्स आणि जॅग्वार लँड रोव्हर. मोटारधंद्यात मंदी आली, तर तिघींना सारखी झळ बसणार नाही.

आणखी एक सावधगिरी. टाटा टेक्नॉलॉजीजचा शेअर नोव्हेंबर 2023 मध्ये 500 रुपयांना देण्यात आला आणि बाजारात 1,200 रुपयांना उघडला. त्या सकाळी कंपनीचे काम काही अडीचपट वाढले नव्हते. वाढली होती लोकांची आशा. तो भाव पुढे टिकला नाही. सारेच महाग असताना शेजाऱ्याहून स्वस्त म्हणजे स्वस्त नव्हे.

म्हणून त्या गृहस्थाने दलालाला प्रश्न बदलून विचारावा: 'उद्या नफा निम्मा झाला, म्हणजे 40 चे 80 झाले, तरी हा शेअर मी बाळगू शकेन काय?' उत्तर 'नाही' असेल, तर निवृत्तीची पुंजी बँकेतच राहिलेली बरी.