मुलांना वाचन कसे शिकवावे?



मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन या आपल्या किनाऱ्यावरील मुलाच्या घरी कोकणी बोली, मक्तबमध्ये अरबी कायदा, शाळेत उर्दू किंवा मराठी आणि जोडीला इंग्रजी असते. म्हणून वाचन कसे शिकवावे, हा आपल्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

पूर्वी अक्षरपद्धती होती. आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, शेवटी जोडाक्षरे. मूल 'क का कि की' तालावर म्हणे. पण मधलेच 'कु' दाखवले की अडखळे. अर्थाची गाठ फार उशिरा पडे. त्यावर उपाय म्हणून शब्दपद्धती व वाक्यपद्धती आल्या. मुलांना गोडी लागली. परंतु काही मुले धडाच पाठ करू लागली. पुस्तक मिटले तरी त्यांचे 'वाचन' चालूच!

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी निराळा मार्ग धरला. मोजकी अक्षरे व एखादे स्वरचिन्ह शिकवायचे आणि लगेच शब्द वाचायचे. क, म, न, ल आणि काना एवढ्यावर 'काका', 'मामा', 'नाक', 'काम', 'मला' वाचता येतात. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीनेही २००० साली अक्षर व ध्वनी यांचा संबंध क्रमवार शिकवावा, असाच कौल दिला.

हे आपल्याला अगदीच परके नाही. कायद्यात मूल जेर, जबर, पेश लावून हिज्जे करते, ते हेच जोडण्याचे कौशल्य होय. मात्र तेथे अर्थ मागाहून येतो. शाळेत तो त्याच दिवशी यायला हवा. उर्दूच्या छापील मजकुरात जेर-जबर बहुधा गाळलेले असतात. शब्द कानावरून गेलेला नसेल, तर मूल तो वाचणार कसा? म्हणून गोष्टी सांगा, मुलाला बोलते करा. त्याच्या बोलीला हसू नका.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्ट आहे. पुढे गणित, इतिहास, विज्ञान सारे वाचूनच शिकायचे असते. ज्याला वाचता येत नाही, तो मागच्या बाकावर गप्प बसतो आणि एक दिवस शाळा सोडतो.

माझी संस्थेला विनंती आहे की, पहिलीच्या वर्गाला सर्वांत अनुभवी शिक्षक द्यावा. पालकांनी मुलापुढे रोज एक अनोळखी ओळ ठेवावी आणि विचारावे, "यात काय सांगितले आहे?" त्याने सांगितले, तर ते वाचन, नाहीतर नुसता आवाज.